न वाढलेलं पान

१

आमच्या घरात सकाळी आठला आणि रात्री आठला तीन मोबाइल एकदम बोंबलतात. एक माझा, एक माझ्या बायकोचा, तेजस्वीचा, आणि एक आईचा. आईला जाऊन दीड वर्ष होत आलं. तिचा मोबाइल अजून फडताळात चार्जिंगला लावलेला असतो. तेजस्वीनं एकदा त्यातला गजर बंद करायला हात घातला, तर मी तिच्या अंगावर असा खेकसलो की ती दोन दिवस माझ्याशी धड बोलली नाही.

गजर गोळ्यांचा. माझ्या छातीतलं हृदय माझं नाही. तेरा वर्षांपूर्वी मुंबईच्या एका इस्पितळात ते बसवलं. ते परकं आहे हे शरीराला कळता कामा नये, म्हणून जन्मभर गोळ्या. एखादी वेळ चुकली की शरीराला वास लागतो, कोणीतरी उपरा घरात घुसलाय म्हणून, आणि ते त्याला हाकलायला उठतं. तेव्हा शरीराला झोपवून ठेवायचं. मग बारीकसारीक दुखणी मोकाट सुटतात. गर्दीत तोंडाला मास्क, ऊन वर्ज्य, कच्चं काही खायचं नाही, मातीत हात घालायचा नाही. कोकणात राहून माती नको म्हणे! पपनसही नको, त्यानं गोळ्यांचं गणित बिघडतं. हे ऐकल्यावर आईनं परसातलं पपनसाचं झाड बुंध्यापासून तोडवून घेतलं. चुकून कोणी फोड हातावर ठेवली तर, एवढीच तिची भीती. बाबांनी लावलेलं झाड होतं ते.

पूर्णगडच्या अलीकडे, रस्त्याला लागून माझं मोटर वायंडिंगचं दुकान आहे. पंखे, मिक्सर, विहिरीवरचे पंप. गोळ्यांनी हात थरथरतात, त्यामुळे तांब्याची बारीक तार गुंडाळताना मी स्वतःलाच शिव्या घालत असतो. पण धंदा कळतो, म्हणून डॉक्टरांनी सांगितलेली एक गोष्ट मला पटकन समजली. नवं हृदय बसवतात तेव्हा रक्ताच्या नळ्या जोडतात, मेंदूकडून येणाऱ्या वायरी जोडत नाहीत. त्या जोडताच येत नाहीत. मोटर चालू, रेग्युलेटर तुटलेला. त्यामुळे माझी नाडी बसल्या जागी शंभराच्या आसपास, दिवसरात्र. दचकलो तरी छातीत धस्स होत नाही. भीती मला आधी वाटते, छातीला ती मागाहून कळते, पोस्टानं पत्र यावं तशी.

हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचं सगळं त्यावर आहे.

२

भाद्रपदात आमच्याकडे म्हाळ असतं. घरातल्या प्रत्येक गेलेल्या माणसाचं एक केळीचं पान पडवीत मांडायचं आणि त्या पानावर साधारण त्याच वयाचं माणूस जेवायला बसवायचं, ही आमच्या घरची रीत. आजोबांच्या पानावर म्हातारा, लग्नाआधी गेलेल्या आत्याच्या पानावर पोरसवदा मुलगी. शेजारचे रावजीकाका गाऱ्हाणं घालतात. एकेकाचं नाव घेऊन हाक मारतात, ये बाबा, जेव, पोरांना सुखी ठेव. मग वडे, काळ्या वाटाण्याचं सांबारं, अळूचं फदफदं, खीर.

माझ्या ऑपरेशननंतरच्या पहिल्याच म्हाळाला आईनं एक पान जास्त मांडलं.

"हे कोणाचं गो वहिनी?" रावजीकाकांनी विचारलं.

"ज्यानं माझ्या गुरूला जगवलान त्याचं." आईनं माझ्याकडे बोट दाखवलं.

"नाव काय?"

"नाव नाय सांगत इस्पितळवाले. पोरगा होता, पंचविशीच्या आतला. गाडीवरून पडला. एवढंच ठाऊक."

"मग हाक कशी मारू? नुसतं ये म्हटलं तर कोणपण येईल."

आईनं थोडा विचार केला. "म्हणा, ज्याचं काळीज ह्या घरात नांदतंय, तो."

रावजीकाका जरा घुटमळले. पण माझ्या आईपुढे कोणाची मात्रा चालली आहे? त्यांनी तसंच गाऱ्हाणं घातलं. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. त्या पोराला दुसरं काय देणार होतो आम्ही? आईनं त्याच्या पानावर पहिला वडा वाढला आणि पदरानं डोळे पुसले.

त्या पानावर दरवर्षी वाडीतला एखादा तरुण पोरगा बसायचा. पहिली दोन वर्षं ओमकार बसला, मग त्याचा चुलतभाऊ, मग आणखी कोणी. पोरं एकेक करून मुंबईला गेली, आणि पंचविशीच्या आतला मुलगा म्हाळाला मिळवणं हेच एक काम होऊन बसलं.

३

चार वर्षांपूर्वी वाडीतल्याच गौरवला सांगितलं होतं. हा पालीला नोकरीला. ऐन वेळी त्याचा फोन आला, गाडी चुकली, काकू माफ करा. पान तर वाढून झालेलं. आई चरफडत म्हणाली, "आता उपाशी ठेवायचं काय त्याला?"

तेवढ्यात खळ्यात, पडवीपुढच्या अंगणात, एक मुलगा येऊन उभा राहिला. तेविसेक वर्षांचा असेल. निळा, लांब बाह्यांचा शर्ट, गळ्यापर्यंत बटणं लावलेला.

"गौरवनं पाठवलान काय?" आईला केवढा आनंद झाला. "ये बाबू, बस."

तो येऊन बरोबर त्या पानावर बसला. कोणी दाखवलं नव्हतं. सकाळभर पाऊस लागलेला, खळ्यात हा चिखल, आणि त्याचे अनवाणी पाय स्वच्छ होते. मी मनात म्हटलं, नळावर धुतले असतील. नळ घराच्या मागे आहे.

मी पंगतीला बसत नाही. माजघराच्या उंबऱ्याशी मास्क लावून वेगळा बसतो. बोटाला ते नाडी मोजायचं चिमटं लावायची मला खोड आहे, कोणी तंबाखू मळतो तसा मी चिमटं लावतो. लावलं आणि बघितलं तर बहात्तर. बिघडलं असेल म्हणून बोट बदललं. बहात्तरच. माझं काळीज बसवल्यापासून कधी नव्वदीच्या खाली आलेलं नव्हतं. मग मी मनगट धरून मोजलं. खरंच संथ चाललं होतं. परक्याच्या घरी वर्षानुवर्षं अवघडून बसलेल्या माणसानं पहिल्यांदा भिंतीला पाठ टेकावी, तसं.

सगळ्यांत वाईट काय, तर मला फार छान वाटत होतं. डोळे मिटत होते.

तो मुलगा जेवला. पंगतीत चार माणसं जेवतात तेव्हा भुरके, बोटं चाटणं, काहीतरी आवाज येतो. त्याच्या पानावरून आला नाही. जेवून उठला, माझ्यासमोर थांबला. माझ्या तोंडाकडे त्यानं बघितलंच नाही. बघत होता शर्टाच्या दुसऱ्या बटणाकडे.

"बरं आहे?" त्यानं विचारलं.

"बरं आहे," मी म्हटलं.

"त्रास नाही ना देत?"

नातेवाइकांकडे शिकायला ठेवलेल्या लेकराची चौकशी करावी तसा त्याचा आवाज होता.

"येतो," म्हणाला आणि खळं उतरून गेला. आमच्याकडे जाताना सगळे येतो असंच म्हणतात. तो वळणाआड गेला आणि चिमट्यावरचा आकडा चढायला लागला. थोड्या वेळानं पुन्हा शंभर.

दुपारी मी गौरवला फोन केला. तो म्हणाला, "मी कोणाला नाय पाठवलं. मी कोणाला पाठवणार?"

४

मी तसा डोकं ठिकाणावर असलेला माणूस. वर्षभर स्वतःला समजावलं. आंब्याच्या बागांत राखणीला बाहेरगावची पोरं असतात, त्यातला एखादा असेल. वड्यांचा वास आला, आला जेवायला. नाडीचं म्हणाल तर मुंबईला दाखवलं, त्यांनी दिवसभर छातीला यंत्र बांधून ठेवलं, काही निघालं नाही. डॉक्टर म्हणाले, कधी कधी बऱ्याच वर्षांनी तुटलेल्या वायरी थोड्याफार परत उगवतात, ते चांगलंच लक्षण. मी खूश झालो. उगवल्या तर उगवल्या, आपल्याच आहेत.

पुढच्या म्हाळाला तो पुन्हा आला. आम्ही कोणाला सांगितलंच नव्हतं, आईनं मुद्दाम सांगू दिलं नव्हतं. ती त्याची वाटच बघत होती. तिनं त्याच्यासाठी वेगळी नारळाची वडी केली होती. तोच निळा शर्ट. वर्षभरात दाढीचा केस वाढलेला नाही की तोंडावर ऊन लागलेलं नाही. तेजस्वी स्वयंपाकघरातून बाहेर येईना. "मी नाही वाढणार त्याला," ती मला कुजबुजत म्हणाली. "त्याच्या अंगाला वासच नाही हो. माणसाला काहीतरी वास असतो."

माझी नाडी अडुसष्ट.

त्यानं वड्याचा एक तुकडा मोडला आणि तसाच पानात ठेवला. मग आईकडे बघून अगदी हळू, अदबीनं विचारलं, "अजून किती दिवस ठेवणार?"

आईच्या हातातला वडा हातातच राहिला. मी बघितलं तिच्याकडे. तिचा चेहरा असा उतरला की मला तिला मिठी मारावीशी वाटली. तिला त्या क्षणी सगळं कळलं होतं, आणि मी मात्र अजून बागेतला राखण्या शोधत होतो.

५

दोन वर्षांपूर्वीची पावसाळ्यातली तपासणी. हृदयाच्या नळ्यांचं चित्र पडद्यावर दाखवलं. डॉक्टरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. म्हणाले, नळ्या आतून सगळीकडेच बारीक होत आल्यात. एका जागी असतं तर स्प्रिंग घातली असती. बसवलेल्या हृदयाचं पुढे असं होतं, गुरुप्रसाद, तुमची काही चूक नाही.

"दुखेल का?" तेजस्वीनं विचारलं.

"नाही," ते म्हणाले. "वायरी नाहीत ना. म्हणूनच जपायचं. सांगून येणार नाही."

दुसऱ्या हृदयासाठी नाव घालू म्हणाले, पण किडन्याही थकल्यात, आशा कमीच धरा. बाहेर आल्यावर तेजस्वी जिन्यातच बसली आणि ओक्साबोक्शी रडली. मला रडू आलं ते घरी, आईनं नुसतं "काय म्हणाले रे?" विचारल्यावर.

म्हाळ आलं तेव्हा तेजस्वीनं पाय रोवले. ह्या वर्षी ते पान मांडायचं नाही. आईनं रावजीकाकांना बोलावलं. ते पडवीत बसून बराच वेळ सुपारी कातरत राहिले.

"माझीच चूक, वहिनी," ते शेवटी म्हणाले. "तेव्हाच बोलायला हवं होतं. जित्याचं पान वाढत नाहीत. तो मेला, पण त्याचं काळीज जितं हाय. हे काय इथं बसलंय. आपण त्याला पितरांत बसवला, वर घर कुठचं तेपण सांगितलं."

मी उगाच हसलो आणि म्हटलं, काका, हे तुमचं काहीतरीच. माझं हसणं कोणी मनावर घेतलं नाही.

६

पान मांडलं नाही. गाऱ्हाण्यात त्याला हाक मारली नाही. तरी पंगत बसली आणि तो खळ्यात येऊन उभा राहिला. पडवीत जागा नाही असं दिसल्यावर पाहुणा थांबतो तसा, हात पुढे बांधून.

पंगतीतल्यांना वाटलं, कोणीतरी कोणाकडे आलं असेल. आई उठली. स्वतःचं ताट वाढून घेतलं आणि खळ्याच्या पायरीवर जाऊन बसली. मी खिडकीशी होतो. माझी नाडी साठाच्या खाली, डोळे जड, आणि कानावर मात्र शब्दन् शब्द पडत होता.

"हे खा रे बाबू. हे माझं आहे, म्हाळाचं नाय."

"भूक नाही," तो म्हणाला.

"न्यायला आलास?"

त्यानं खिडकीकडे बघितलं.

"तुझंच आहे. मी नाय म्हणत नाय. तुझ्यामुळे माझा पोरगा एवढं जगला, तुझे उपकार कशानं फेडू? पण माझ्या डोळ्यांदेखत नको रे. माझे डोळे उघडे आहेत तोवर ठेव. तुला पण आई असेलच की."

पंगतीत कोणीतरी वरण मागत होतं.

"ती पण असंच म्हणत होती," तो म्हणाला. "इस्पितळात. माझ्या डोळ्यांदेखत नको म्हणून."

आईनं तोंडाला पदर लावला. रडतच ती त्याच्या केसांवरून हात फिरवायला गेली आणि मध्येच तिनं हात मागे घेतला.

"बरं," तो म्हणाला. "तुमचे डोळे उघडे आहेत तोवर. येतो."

७

त्यानंतर माझी आई जगायला लागली. एरवी म्हणायची, माझं काय आता, पिकलं पान. ती एकदम बदामबिदाम खायला लागली. गुडघे दुखायचे तरी रोज देवळापर्यंत चालून यायची. ताप आला तर स्वतःहून डॉक्टरकडे, आणि त्याला दहा प्रश्न. तेजस्वी हसायची, "आई, शंभरी गाठताय वाटतं?" आई म्हणायची, "गाठेन की. तुला जड होतंय काय?"

उजव्या डोळ्यात मोतीबिंदू होता, वर्षानुवर्षं नको नको म्हणत आलेली. तो तिनं हट्टानं काढून घेतला, मग डावा. काळा चष्मा लावून पडवीत बसायची आणि रस्त्याकडे बघत राहायची. मी चेष्टा केली की म्हणायची, "मेल्या, तुझ्यासाठीच बघतेय."

त्या डोळ्यांच्या इस्पितळात तिनं आणखी एक गोष्ट ऐकली आणि मला न विचारता सही करून आली. साक्षीदार म्हणून तेजस्वीची सही. नेत्रदान. मेल्यावर डोळ्यांची पुढची काच काढतात आणि दुसऱ्या कोणाला बसवतात.

रात्री जेवताना तिनं मला सांगितलं. वर म्हणाली, "आणि एक. मी गेले की माझं पान वाढू नको."

"म्हणजे?"

"रावजीभावजी काय म्हणाले? जित्याचं पान वाढत नाहीत. माझे डोळे जिते असतील."

मला सगळा कट एकदम समजला: ती गेली तरी तिचे डोळे कुठंतरी उघडे राहतील, आणि तोवर त्याला त्याचा शब्द पाळावा लागेल. मी ताट ढकललं, ओरडलो. म्हटलं, असलं काही नसतं, तू वेडी आहेस, आणि मी माझ्या आईला उपाशी ठेवणार नाही. ती शांतपणे जेवत राहिली. "आयुष्यभर जेवलेच आहे की," म्हणाली. "शपथ घे माझी." मी घेतली नाही. तिनं माझा हात ओढून स्वतःच्या डोक्यावर ठेवला.

ती वैशाखात गेली. सकाळी, ओट्याशी, चहाचं आधण ठेवून. दुसऱ्याची काळजी करता करता तिचं स्वतःचं काळीज बंद पडलं, आणि तिचं तर सगळ्या वायरी जोडलेलं होतं. मी तिला मांडीवर घेतलं. डोळे उघडे होते, ते मी मिटले नाहीत. तेजस्वीनं फोन केला. रत्नागिरीहून दोघं जण आले, माजघराचं दार लोटून त्यांनी आपलं काम केलं. फार वेळ लागला नाही. जाताना त्यातल्या बाईंनी माझा हात हातात घेतला आणि म्हणाल्या, दोन माणसांना दिसेल. कोणाला ते सांगत नाहीत.

"ठाऊक आहे," मी म्हटलं. "सांगत नाहीत."

गेल्या वर्षी दुखवट्याचं वर्ष, म्हाळ घातलं नाही. तो आला नाही. मुंबईच्या डॉक्टरांनी पुन्हा चित्र काढलं, दोन्ही चित्रं शेजारी शेजारी लावून बराच वेळ बघितली आणि म्हणाले, आहे तिथंच थांबलंय, नवल आहे. गोळीचा गुण असेल. असेलही. डोळ्याची नुसती काच ती, तिला काय कळतंय, हे मी स्वतःला रोज सांगतो.

८

काल म्हाळ झालं. आईच्या वर्षश्राद्धानंतरचं पहिलं.

वाडीतली सगळी आली, आईसाठी म्हणूनच आली. यमुनाबाई, आईची जन्माची मैत्रीण, तिच्या पानावर बसायचं म्हणून ठेवणीतलं लुगडं नेसून. पडवीत आजोबांचं पान, आजीचं, बाबांचं, आत्याचं. यमुनाबाई उभ्याच राहिल्या.

"माझं खंयचं?" म्हणाल्या. "सावित्रीचं पान खंय हाय?"

"नाय मांडलं," मी म्हटलं.

रावजीकाका खाली मान घालून बसले. त्यांनी बाबांचं नाव घेतलं, थांबले, माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. ते पुढे आत्याकडे गेले. यमुनाबाई भिंतीकडे तोंड करून पुटपुटल्या, पण सगळ्यांना ऐकू गेलं. "पोटच्या पोरानं आवशीला उपाशी ठेवलान."

काय सांगणार होतो मी त्यांना? अळूचं फदफदं तेजस्वीनं आईच्या हातासारखंच केलं होतं, चिंच जरा पुढे. त्याचा वास पडवीत आला. ह्या बाईनं चाळीस वर्षं ह्या पडवीत ओळखीच्या-अनोळखी सगळ्यांना वाढलं, एका परक्या मेलेल्या पोराला पहिला वडा दिला. आणि तिला आज घास नाही.

मग डोळे जड झाले. अंगातून गोड सुस्ती चढायला लागली. मी चिमटं लावलं नाही. मला ठाऊक होतं.

तो खळ्यात होता. भर दुपारचं पिवळं ऊन, भाद्रपदातलं, आणि तोच निळा शर्ट. हात बांधून उभा. कोणाचंच लक्ष नव्हतं. पायरी चढून तो उंबऱ्याशी आला, माझ्यासमोर उकिडवा बसला. पहिल्यांदाच त्यानं माझ्या डोळ्यांत बघितलं. थकलेला वाटला. एवढ्या लहान पोरानं इतकं थकू नये.

"आईचं पान?" त्यानं विचारलं.

छातीत ते असं निवांत पडून होतं की दोन ठोक्यांच्या मधे मला भिंतीवरचं घड्याळ ऐकू येत होतं. उरलेली पानं माझ्या शेजारीच होती. एक उचलायचं, मांडायचं, वर एक वडा ठेवायचा. आई जेवेल. यमुनाबाईंचं समाधान होईल. हा पोरगा त्याचं घेऊन त्याच्या घरी जाईल, तिथंही कोणीतरी वाट बघत असेल. आणि मला झोप लागेल. माझा हात पानाकडे गेला, हे मी कबूल करतो. पान हातात घेतलंसुद्धा.

तेजस्वी वाढत वाढत तिथवर आली होती. तिनं त्याच्याकडे बघितलं नाही. नुसता माझा हात धरला. तिची बोटं बर्फासारखी गार होती.

"आई आहे अजून," मी म्हटलं.

"कुठे?"

"माहीत नाही."

मग त्यानं मान वळवून रस्त्याकडे बघितलं, इकडून तिकडे, सावकाश, जशी आई बघायची.

"मलापण माहीत नव्हतं," तो म्हणाला. "तुम्ही बोलावलंत तेव्हा कळलं." उठला. "येतो."

तो वळणाआड गेला. पंगतीत खीर फिरत होती. थोड्या वेळानं माझं काळीज धडधडायला लागलं, आणि मग इतकं की मला पाट धरावा लागला. उशिरा पोचलेली भीती. आता कुठल्या तरी घरात, कोणीतरी भलं माणूस आईच्या डोळ्यांनी जग बघत असणार. त्यांनाही ते उपकार वाटत असणार. त्यांच्याकडेही भाद्रपद येतो. देणाऱ्याचं एक पान मांडू या असं त्या घरातल्या एखाद्या मायाळू बाईला वाटलं तर? मग आईही पितरांत बसली, आणि ह्याचा शब्द संपला. त्यांना जाऊन सांगावं, तर ती कोण, कुठली, हे सांगत नाहीत.

पाहुणे गेले. यमुनाबाई न जेवताच गेल्या होत्या. तेजस्वीनं उरलेलं फदफदं झाकून ठेवलं, मला वाढलं, मी खाल्लं. दुसरं काय करणार? खरकटी पानं परसात टाकली, पपनसाच्या बुंध्याशी. न मांडलेलं एक पान मी धुऊन, पुसून, गुंडाळून फडताळात ठेवलं, तिच्या मोबाइलच्या मागे.

रात्री आठला तिन्ही मोबाइल वाजले. मी गोळ्या तळहातावर घेतल्या. आईचा गजर आपोआप थांबेपर्यंत मी तसाच उभा होतो. ह्या गोळ्या मी जितकी वर्षं घेईन, तितकी वर्षं माझी आई उपाशी राहणार आहे. मी त्या पाण्याबरोबर गिळल्या.